पाच टन लोखंड

फर्डिनंड तुस्कानोबद्दल चार चांगले शब्द लिहायचे म्हणजे मला जडच जातंय. गेली चार वर्षं या माणसाशी माझं दिवसातून एकदा तरी वाजतं. मी वसई पश्चिमेच्या एका एमआरआय सेंटरच्या काउंटरवर बसतो. त्याआधी पस्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. नऊ दहाची गाडी म्हणजे नऊ दहालाच सुटली पाहिजे, हे अंगात मुरलेलं. निवृत्त झालो आणि नालासोपाऱ्याला मुलाच्या फ्लॅटवर बसून सुनेच्या आमटीतल्या चुका काढायला लागलो, तेव्हा मुलानेच घाईघाईने ही नोकरी शोधून दिली. मुलगा हुशार आहे.

फर्डिनंड आत मशीन चालवतो. वय छप्पन्न, भुईगावचा, घरामागे केळी आणि सोनचाफा. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींना तो शिकवतो. घरी भुईगावची ही माणसं आपसांत जी बोली बोलतात, तिचं एक अक्षर मला चार वर्षांत कळलेलं नाही. बायकोशी, ग्रेसीशी, फोनवर बोलताना तो हळूच माझ्याकडे बघून हसतो. तो माझ्याबद्दलच बोलत असतो, याची मला खात्री आहे.

आमच्या भांडणाचं मूळ एकच, वेळ. ज्या कामाला मी अर्धा तास धरतो त्याला हा पाऊण तास घेतो. आणि तो जास्तीचा वेळ मशीनवर जात नाही, मशीनच्या दाराबाहेर गप्पा मारण्यात जातो. एमआरआय म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक. आत जाताना अंगावर लोखंडाचा कण चालत नाही, नाहीतर तो ओढला जातो, इजा होते, आणि चित्र खराब होतं ते वेगळंच. म्हणून मी फॉर्म भरून घेतो. फॉर्मवर स्पष्ट प्रश्न आहे, अंगावर काही धातू आहे का. सगळे म्हणतात, नाही. मी ‘नाही’वर खूण करतो. मग हातातलं धातू शोधायचं यंत्र अंगावरून फिरवतो, पण बारीकसारीक काही त्यातून निसटतंही. माझं काम संपलं.

फर्डिनंडचं तिथून सुरू होतं. आजीबाई असेल तर विचारतो, “आजी, नाडीत पिन खोचली का? केसात काटा? कमरेच्या बटव्यात अडकित्ता?” आणि पोटुशी बाई असेल तर तो तिला विचारतच नाही. तो तिच्या सासूला विचारतो. “मावशी, घरून निघताना पोरीबरोबर लोखंड काय दिलंत?”

पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. पण सासूने गुपचूप सुनेच्या पदराच्या गाठीतून एक खिळा काढून दिला. नंतर फर्डिनंडने मला समजावलं. गरोदर बाई घराबाहेर पडली की तिच्याजवळ लोखंड हवं, म्हणजे वाईट नजर लागत नाही, बाहेरचं काही बाधत नाही. कोळी असोत, आगरी असोत, नाहीतर त्याच्या भुईगावची ख्रिस्ती माणसं असोत, समजूत सगळ्यांची एकच. त्याच्या आईने ग्रेसीच्या बाळंतपणात उशाला जपमाळ ठेवली होती आणि गादीखाली विळा. “देव आहेच हो, सदानंदराव,” तो म्हणाला, “पण म्हातारी माणसं विळ्यालाही कामाला लावतात.”

“मग त्या फॉर्मवर ‘नाही’ का म्हणतात?”

“फॉर्ममध्ये धातू लिहिलंय. धातू म्हणजे दागिने. ते सगळे घरी काढून येतात. हे राखणीचं आहे. ते धातूत धरत नाहीत.”

मी पस्तीस वर्षं लोकांना फलाटावर ओरडून गप्प केलं. त्यांना असं काही विचारावं हे मला कधी सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. त्याला मात्र सांगितलं नाही.

दुसरी त्याची खोड गुणगुणण्याची. मशीनमध्ये मधूनमधून श्वास रोखावा लागतो. इतर ठिकाणी एक बाई रेकॉर्डमधून हुकूम सोडते, श्वास रोखा, श्वास सोडा. फर्डिनंडला ती बाई आवडत नाही. तो माइकवर एक सूर धरतो, लांब, सपाट, दहा-बारा सेकंदांचा. पेशंटला आधी सांगून ठेवतो, माझा सूर चालू आहे तोवर थांबायचं, मी थांबलो की तुम्ही सुटलात. लोकांना ते जमतं. एकट्याने श्वास रोखायला माणूस घाबरतो. कुणीतरी पलीकडे आपल्याबरोबर दमतंय म्हटलं की धीर येतो.

आता शनिवारचं सांगतो. दोन वर्षांपासून दर शनिवारी मुंबईहून डॉक्टर आर्या मॅडम येतात. पोटातल्या बाळाच्या हृदयात आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्त कसं वाहतंय, किती वाहतंय, ते त्या एमआरआयवर मोजतात. सोनोग्राफीवर बहुतेक वेळा सगळं दिसतं. पण कधी बाळ पाठ फिरवून बसतं, कधी गर्भजल कमी असतं, आणि नेमकी हवी ती वाहिनी दिसत नाही. तेव्हा अशा बायका आमच्याकडे येतात. आईच्या पोटावर एक पट्टा बांधतात, तो बाळाचे ठोके पकडतो, आणि त्या ठोक्यांच्या तालावर मशीन चित्रं घेतं. हृदय केवढं, तर बोराएवढं. मिनिटाला एकशे चाळीस वेळा उडतंय, त्यात बाळ स्वतः कोलांट्या मारतंय, आणि आई श्वास घेतेय. एवढ्या हलत्या गोष्टीतून रक्ताची धार मोजायची. मला तर एसटीच्या गाड्या मोजतानाही घाम फुटायचा.

गेल्या वर्षी जानेवारीत अर्नाळ्याहून उन्नती आली. चोवीस वर्षांची, आठवा महिना. नवरा जितेंद्र होडी घेऊन समुद्रात गेलेला, म्हणून बरोबर सासू, आशालताबाई. विरारच्या बाजारात मासे विकणारी बाई. आवाज असा की काउंटरवरची काच थरथरावी. सोनोग्राफीत डॉक्टरांना शंका आली होती की बाळाच्या हृदयातून निघून अंगभर जाणारी मुख्य वाहिनी, महाधमनी, वळणापाशी अरुंद आहे. नक्की दिसत नव्हतं. अरुंद असेल तर बाळंतपण मुंबईला, जिथे तान्ह्या बाळांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात अशा मोठ्या हॉस्पिटलात. नसेल तर विरारला, नेहमीच्या डॉक्टरांकडे. उन्नतीचं आधीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलेलं. त्यामुळे पोरगी काही बोलतच नव्हती. सगळं सासूच बोलत होती.

“मुंबईला नाय न्यायची,” ती मला सांगत होती, जणू मीच नेणार होतो. “तिथं आमचा कोन हाय? माजी पाच पोरं अर्नाल्यात जाली. एकाला काय जाला नाय.”

फर्डिनंडने नेहमीचा प्रश्न विचारला. आशालताबाईंनी आधी कानावर हात ठेवले. मग त्याने नुसतं हसून हात पुढे केला, आणि तिने सुनेच्या पिशवीतून कोळंबी सोलायची बारकी सुरी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ठेवताना तिचा चेहरा असा झाला, जणू त्याने सुरी नाही, घराच्या दाराची कडीच काढून घेतली.

मी यंत्र पुन्हा एकदा फिरवलं, सगळं स्वच्छ. तेवढ्यात उन्नती म्हणाली, बाथरूमला जायचंय. सासू बरोबर गेली. आता नियम असा आहे, आणि तो फर्डिनंडनेच मोठ्या अक्षरांत भिंतीला चिकटवलाय, की बाहेर गेलेला माणूस परत आला की तो नवा माणूस. पुन्हा तपासायचा. पण बारा मिनिटं उशीर झाला होता, मागे दोन पेशंट चुळबुळत होते, आणि मी म्हटलं, आत्ताच तर बघितलं पोरीला. सोडली आत. चूक माझी. ही गोष्ट सांगताना मी ती दुसऱ्या कुणावर ढकललेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

पाच मिनिटांत फर्डिनंडने मशीन थांबवलं. काचेतून मला हाक मारली. पडद्यावर उन्नतीच्या कमरेपाशी एक काळंकुट्ट भगदाड होतं, आणि बाळाची छाती त्या भगदाडाच्या काठावर वेडीवाकडी ओढली गेली होती. हृदय कुठे आहे तेसुद्धा कळेना.

“अरे देवा,” आर्या मॅडम उठल्याच. “हे काय आहे?”

फर्डिनंड धावत आत गेला. उन्नतीला हळूच बाहेर काढलं, कुशीवर वळवलं. गाऊनच्या मागच्या बाजूला, नाडीच्या घडीत, एक सेफ्टी पिन खोचलेली. नशीब, घट्ट लावलेली होती. सुटून उडाली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक गाडी चुकीच्या फलाटावर लागली नव्हती.

मॅडम माझ्यावर कडाडल्या. मी मान खाली घातली. फर्डिनंड मध्ये पडला, म्हणाला, “मॅडम, दाराशी मीपण होतो. मीपण बघितलं नाही.” तो नव्हता दाराशी. तो आत पट्टा नीट करत होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो दुसरीकडेच बघत होता.

मग तो बाहेर बाकावर आशालताबाईंच्या शेजारी जाऊन बसला. रागावला नाही. पिन तिच्यापुढे धरली.

बाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “सुरी तुमी घेतली, दादा. मंग आत त्या भोकात पोराला राखनार कोन? मागचा असाच गेला. त्या दिशी मी तिला काय दिला नवता. इसरले. माज्याच हातून इसरला.” आणि ती रडायला लागली. बाजारातली एवढी मोठी बाई, पदर तोंडात कोंबून रडत होती. मला बघवेना. पिन तिने खोचली होती, पण उन्नतीला न तपासता आत सोडलं मी होतं, आणि त्या क्षणी मला तिच्याइतकंच अपराधी वाटत होतं.

फर्डिनंडने पिन बाकावर ठेवली. मग म्हणाला, “मावशी, तुम्ही सुरी दिली ती केवढी? बोटभर. पिन त्याहून बारीक. आत जे मशीन आहे ना, ते केवढं आहे माहीत आहे? पाच टन. तुमच्या तीन होड्या एकावर एक ठेवा, तेवढं. आणि चहूबाजूंनी भिंतीत पत्रे आहेत ते वेगळे. अख्ख्या वसई तालुक्यात एवढी राखण दुसरीकडे नाही. पोर त्याच्या पोटात बसणार आहे. तुमची पिन त्याच्यापुढे काय करणार? ती त्याच्या कामात आड येते.”

आशालताबाईंनी डोळे पुसले. “पाच टन?”

“पाच.”

ती उठली, काचेपाशी गेली आणि मशीनकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने काचेतूनच त्या मशीनला हात जोडले.

मॅडमना हे अजिबात आवडलं नाही. त्या बाजूला घेऊन त्याला म्हणाल्या, “फर्डिनंड, तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालताय.”

“मॅडम, मी खोटं काय बोललो? वजन बरोबर आहे की नाही?”

“वजन बरोबर आहे. पण...”

“तिला शिकवायला एक शनिवार पुरणार नाही. चित्र मात्र आजच काढायचंय.”

मॅडम परत पडद्यासमोर जाऊन बसल्या. मी यंत्र घेऊन उन्नतीला डोक्यापासून पायापर्यंत तीन वेळा तपासलं, आणि मग सासूलाही तपासलं. फर्डिनंडने आशालताबाईंना बाहेर बाकावर ठेवलंच नाही. “तुम्ही आमच्याजवळ बसा,” म्हणाला, “तुमचे हात मला दिसायला हवेत.” उन्नतीनेही होकारार्थी मान हलवली, सासूबाईंना बघू देत म्हणाली. पोरगी सकाळपासून तेवढंच बोलली असेल.

मशीन सुरू झालं. त्याचा ठकठकाट बाहेरपर्यंत येतो. फर्डिनंडने माइकवर सूर धरला. आत उन्नतीने श्वास धरला. तिसऱ्या-चौथ्या वेळेला माझ्या लक्षात आलं की आशालताबाईही श्वास धरून बसली आहे, आणि मी पण. असं पाऊण तास चाललं. मागच्या दोन पेशंटना मी चहा पाजला.

शेवटी पडद्यावर ते दिसलं. बोराएवढं हृदय, त्यातून निघालेली वाहिनी, आणि ठोक्यागणिक तिच्यातून पुढे सरकणारं उजळ रक्त. मॅडम एकेका जागी गोल काढून आकडे लिहून घेत होत्या. चेहऱ्यावरून काही कळू देत नव्हत्या. घरच्यांना नीट बसवून, सोप्या शब्दांत सांगायचं, असा त्यांचा शिरस्ता आहे. पण आशालताबाई स्टूल पुढे ओढून पडद्याला नाक लावून बसली होती.

“ह्या पोराचा काळीज?”

“हो, मावशी.”

“आनि ह्या पानी... रगत चाललाय?”

“हो.”

तिने बोट ठेवलं, काचेला न टेकवता. “हितं तोंड बारीक हाय.”

मॅडमनी तिच्याकडे वळून बघितलं.

“खाडीच्या तोंडाला गाळ बसतो, तसा जालाय हितं. धार बग, कशी चिमटली.” मग बोट थोडं बाजूला सरकलं. “पन खाली पानी पोचतंय. ह्या दुसऱ्या वाटंनी. ही कंची वाट?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “ही वाट पोटात असताना सगळ्या बाळांना असते. जन्म झाला की दोन-तीन दिवसांत आपोआप बंद होते.”

आशालताबाई हलली नाही. तिचे ओठ नुसते हलत होते. मग ती हळू म्हणाली, “म्हंजे भरती हाय तवर कोनाला कलनार नाय. हसेल, रडेल, दूध पियेल. आनि ओहोटी लागली का रुतेल.”

“बरोबर असंच,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता. “पण ती दुसरी वाट बंद होऊ नये म्हणून औषध आहे. जन्मल्याबरोबर ते सुरू करायचं. मग ऑपरेशन करून अरुंद जागा मोकळी करायची. हे आधी माहीत असलं तर बाळ चांगलं होतं. माहीत नसलं, आणि बाळ घरी गेलं, तर...”

“नका सांगू, बाय,” आशालताबाई म्हणाली. “आमच्या आलीत एक गेलाय तसा. तिसऱ्या दिशी. लोक म्हनाले, नजर लागली.”

ती उठली. उन्नती बाहेर येऊन गाऊनवरच बाकावर बसली होती, दोन्ही हातांनी पोट धरून. सासू तिच्यासमोर खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, “बाला मुंबईला जन्माला येईल. मी येते तुज्यासंगती. बाजार गेला खड्ड्यात.” तेव्हा उन्नती रडली. पण ते रडणं वेगळं होतं, सकाळपासून अडकलेलं मोकळं झाल्यासारखं. मॅडमनी मग तिच्याजवळ बसून सगळं पुन्हा सांगितलं, आकड्यांसकट, आणि मुंबईच्या हॉस्पिटलला तिथूनच फोन लावला.

त्या दिवशी संध्याकाळी सेंटर बंद करताना मी फर्डिनंडला म्हटलं, “दाराशी तू नव्हतास.”

“कधी?” तो म्हणाला आणि स्कूटर चालू करून निघून गेला. असा माणूस. याच्याशी धड भांडताही येत नाही.

मुलगा फेब्रुवारीच्या शेवटी झाला. सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं. एवढं मॅडमकडून कळलं. आमच्याकडे येणारी माणसं आमच्या फलाटावरून सुटलेल्या गाड्यांसारखी, पुढे कुठे पोचली ते बहुधा कळत नाही, म्हणून एवढ्यावरही मी खूश होतो. फर्डिनंड त्या रविवारी चर्चमध्ये जरा जास्तच वरच्या सुरात गायला, असं ग्रेसीने मला फोनवर सांगितलं. हो, हल्ली ती माझ्याशीही बोलते, आणि मला कळेल अशा मराठीत.

मेच्या एका शनिवारी काउंटरवरची काच थरथरली. मान वर केली तर आशालताबाई. मागे उन्नती, तिच्या कडेवर टोपडं घातलेलं बाळ, गुटगुटीत, रागावलेलं. बरोबर जितेंद्रही होता, पोराच्या दुपट्याची पिशवी खांद्याला लावून. आशालताबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. सरळ हाक मारली, “दादा! भायेर या!”

फर्डिनंड बाहेर आला. बाळाला बघून नुसताच उभा राहिला. दर शनिवारी हा माणूस पोटातल्या हृदयांची चित्रं काढतोय, पण त्यातलं एकही बाळ त्याने बाहेर पाहिलेलं नव्हतं.

“हात धुवून या,” आशालताबाई म्हणाली.

तो धुवून आला. तिने बाळाला बाकावर उताणं झोपवलं, लंगोट सैल केला, आणि फर्डिनंडची दोन बोटं धरून बाळाच्या मांडीच्या घडीत ठेवली. “दाबू नका. नुसती ठेवा. मुंबईच्या डाक्टरनी शिकवलाय मना. रोज बगते मी, सकाली आनि सांजच्याला.”

“काय बघायचं?” तो म्हणाला.

“गप बसा.”

सगळे गप्प बसलो. बाळही गप्प झालं, त्याच्याकडे टकामका बघत. फर्डिनंडची बोटं जराशी इकडे सरकली, जराशी तिकडे. मग थांबली. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. मला हेवा वाटला. उघड सांगतो, मला त्या माणसाचा त्या क्षणी फार हेवा वाटला.

“लागते?” आशालताबाईंनी विचारलं.

“लागते.”

“ती पायाची नाडी,” ती म्हणाली. “त्या बारीक तोंडाच्या खालती हीच वाट. आमाला आदी कललं नसतं, तर हीच बंद पडली असती.”